बारा नंबरचा कोट

त्या सकाळी बाई घराबाहेर पडल्या त्या एवढ्याशा कामासाठी. एक पितळी बिल्ला करून घ्यायचा होता. गोल, वर खुंटीला अडकवायला भोक, मध्ये सात हा आकडा. कोरीवकाम करणाऱ्याने चष्मा कपाळावर चढवून जुन्या बिल्ल्याचा नमुना पाहिला आणि अर्ध्या तासात नवा हातावर ठेवला. पितळ फार चकचकीत दिसतंय म्हणून त्याने तो राखेने घासून जरा मळवूनही दिला. बाईंना माणूस कामाचा वाटला. तीस बिल्ल्यांत हा एकच कमी होता, तो आज पुरा झाला.

बिल्ले बंबखान्यातले होते. नवं अग्निशमन केंद्र मोठ्या रस्त्यावर गेलं तेव्हापासून गावातला जुना बंबखाना नऊ वर्षं कुलूप लावून पडला होता. बाईंनी तो भाड्याने घेतला. अठरा वर्षं शाळेचं कँटीन चालवून, पोरांना भाज्या खायला लावता लावता त्यांच्या नाकी नऊ आले होते. आता स्वतःचं काहीतरी करायचं होतं. नाव शोधायला डोकं खाजवावं लागलं नाही. सगळं गाव त्या इमारतीला बंबखाना म्हणायचं, बाईंनी पाटीही तीच लावली.

बंब उभा राहायचा तिथे टेबलं आली. लाल बादल्या उलट्या टांगून त्यांचे दिवे केले, पाण्याचे जाड पाइप गुंडाळून भिंतीवर लावले. पाठीवर आकडे रंगवलेले जुने जाड कोट दाराशी खुंट्यांवर ओळीने टांगले. वरच्या मजल्यावर, जिथे रात्रपाळीचे जवान झोपायचे, तिथे दुसरा हॉल झाला. आचारी मिळाला तो हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं बिनमिठाचं रांधून वैतागलेला. मिठाचा डबा पाहिला की आपले डोळे भरून येतात, असं तो सांगायचा. त्याने सुपाचं नाव ‘पहिली घंटा’ ठेवलं आणि झणझणीत सॉसचं ‘दुसरी घंटा’. तिसरी घंटा म्हणजे बिल, असं तो वर म्हणायचा.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप बाईंनी केला तो बाबांसाठी. बाबा या बंबखान्यात एकतीस वर्षं होते, नंबर बारा. घरात दोघंच, बाई आणि बाबा. निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं होतं. पहाटे उठायचे, बुटांना पॉलिश करायचे, ते बूट घालून खिडकीशी बसायचे आणि संध्याकाळी काढून ठेवायचे. जेवायला वाढलं तर जेवायचे, विसरलं तर मागायचे नाहीत. कधीतरी ते असेच बसल्या बसल्या जातील आणि आपल्याला चार तास कळणारही नाही, याची बाईंना भीती वाटायची. त्यांना बाबा हवे होते, पूर्वीसारखे, कटकट करणारे. लहानपणी ठमे म्हणून हाक मारून चुका काढणारे.

म्हणून तर दाराशी फळा लावला होता. बंबखान्याचा जुना लाकडी फळा, तीस खुंट्यांचा. आगीच्या ठिकाणी हा फळा बंबाला टेकवून ठेवत. आत जाणारा जवान आपला बिल्ला फळ्यावर लावून जायचा आणि बाहेर आला की तो उतरवला जायचा. फळ्यापाशी एक माणूस कायम उभा. फळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे, आणि माणूस आत आहे तोवर कुणी हलत नाही. हॉटेलात बाईंनी त्याचा खेळ केला होता. गिऱ्हाइकांना दारातच बिल्ला मिळायचा, तो त्यांनी आत येताना फळ्यावर लावायचा, जाताना काढून द्यायचा. फळ्यापाशी खुर्ची टाकून बाबांनी बसायचं. विचारल्यावर बाबा एका शब्दात हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी न सांगता दाढी करून तयार झाले. बाईंना त्या दिवशी गाणं म्हणावंसं वाटलं होतं.

तर बाई कोरीवकामवाल्याकडून परत आल्या आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने नवा बिल्ला बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो उलटून पाहिला. 

“सात कशाला केलास, ठमे?”

“सेट पुरा नको का व्हायला?”

“तो कमी होता तेच बरं होतं.”

सात नंबरचा जवान गोदामाच्या आगीत गेला, एवढं बाईंना ठाऊक होतं. त्या तेव्हा शाळेत होत्या. घरात तो विषय कुणी काढायचा नाही, असा अलिखित नियम होता. त्या दुपारी बाबांनी पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगितलं तेही एखाद्याला पत्ता सांगावा तसं, शांतपणे. त्या दिवशी फळ्यावर बाबा उभे होते. चार नंबरच्या जवानाचा कोट आधीच्या खेपेत भिजून जड झाला होता, म्हणून सात नंबरवाल्याने आपला कोरडा कोट त्याला दिला आणि स्वतः भिजका घातला, आणि दोघं आत गेले. सात नंबरवाला तरुण होता, सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. थोड्या वेळाने धुरातून एकजण बाहेर आला, तोंड काळंठिक्कर, पाठीवर सात. बाबांनी सात उतरवला. चार नंबर फळ्यावर होता, म्हणून दोघं जवान चार नंबरला शोधायला निघाले, तेवढ्यात अंगातला सात नंबरचा कोट काढून ठेवलेला चार नंबरवाला स्वतः पुढे आला, मी इथे आहे म्हणाला. बाबांनी चारही उतरवला. फळा रिकामा झाला. रिकामा फळा बघून साहेबांनी सगळ्यांना मागे घेतलं, आणि छप्पर खाली आलं.

“कोट बघितला मी,” बाबा म्हणाले. “तोंड बघायला हवं होतं.”

इतकी वर्षं बाबा खिडकीत बसून काय बघत होते ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी बिल्ला परत मागितला, पण बाबांनी तो खिशात टाकला आणि गिऱ्हाइकाला हा द्यायचा नाही, असं बजावलं.

उद्घाटनाला गाव लोटलं. डॉक्टर, पोस्टातली मंडळी, शाळेतल्या बाया, बेकरीवाला सहकुटुंब, फुकट सूप आहे असं कळल्यावर बेकरीवाल्याचे पाहुणेही. बाबा खुर्चीत ताठ बसून घरटी एकेक बिल्ला देत होते, घेत होते. बेकरीवाल्याने बिल्ला उलटा लावला म्हणून बाबांनी त्याला चारचौघांत सुनावलं. ते ऐकून बाई स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच हसल्या.

दीडच्या सुमाराला वरच्या हॉलमधून जळक्या रबराचा वास आला. स्वयंपाकघराची वाफ ओढणारा पंखा वरच्या भिंतीत बसवला होता, त्याची वायर पेटली होती. ज्वाळा फारशा नव्हत्या, पण धूर असा निघाला की जिना दिसेना. कुणी ओरडलं नाही. बाबा खुर्चीतून उठले आणि पूर्वीच्या आवाजात म्हणाले, एकेक करून बाहेर, बिल्ला काढा आणि चला. लोक निमूट रांगेने निघाले. आचाऱ्याने गॅस बंद केला, नव्या केंद्राला फोन केला आणि तोही बाहेर आला. तीन-चार मिनिटांत सगळं गाव समोरच्या फुटपाथवर उभं होतं आणि एकमेकांना मोजत होतं. सगळे होते.

बाई शेवटी निघाल्या. दारातून त्यांनी फळ्याकडे पाहिलं. एकच बिल्ला उरला होता. सात.

“बाबा, हा तुम्ही लावलात?”

बाबांनी खिसा चाचपला, तो रिकामा होता. मान हलवून नाही म्हणाले.

“वर कुणी नाहीये, बाबा. सगळे बाहेर आहेत. मी मोजलेत.”

“फळा काय म्हणतोय?”

बाबांनी खुंटीवरचा आपला जुना कोट काढून अंगात चढवला. पाठीवर बारा. टेबलावरचा पाण्याचा तांब्या रुमालावर ओतून तो तोंडाला बांधला, बारा नंबरचा बिल्ला फळ्यावर लावला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस जिना चढून धुरात गेला. बाईंनी बाही धरली होती, ती हातात राहिली नाही. आचाऱ्याने त्यांना मागून घट्ट धरून ठेवलं.

किती वेळ गेला ते नंतर प्रत्येकाने वेगवेगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले चार मिनिटं. बाईंना एवढंच आठवतं की त्या देवाला काय काय कबूल करत होत्या. मग जिन्यावर बूट वाजले. धुरातून कोट आला, वाकलेला, खोकणारा, तोंड काजळीने माखलेलं, पाठीवर बारा. बाईंच्या जीवात जीव आला. त्या रडतच फळ्याकडे धावल्या आणि त्यांनी बारा नंबर उतरवला. सात त्याने स्वतःच्या हाताने काढला आणि खिशात टाकला. फुटपाथवर टाळ्या पडल्या. नव्या केंद्राचा बंब आला, त्यांनी वायर तोडली, वरचा हॉल कोपरा न् कोपरा तपासला. वर कुणीच नव्हतं.

बाबा तेव्हापासून सुधारले. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. म्हातारा आगीत शिरला आणि तरुण होऊन आला, असं शेजारची शिवणकाम करणारी सगळ्यांना सांगत सुटली. ते पोटभर जेवायला लागले. दोनदा मागून घ्यायला लागले. सहा महिने गळणारा नळ त्यांनी स्वतःहून दुरुस्त केला, दाराची कडी बसवली, शिवणवालीचं मशीन जिन्यावरून उचलून वर नेऊन दिलं. कुणाच्याही उपयोगी पडायला एका पायावर तयार.

बाईंनी खूश व्हायचं ठरवलं, आणि त्या होत्याही. फक्त पहिल्या रात्री बाबांनी त्यांना विचारलं होतं की मी झोपू कुठे. दुसऱ्या दिवशी कप कुठल्या फळीवर असतात ते विचारलं. आईच्या फोटोसमोर उभं राहून, या कोण, असं विचारलं नाही, पण बराच वेळ पाहिलं आणि अदबीने बाजूला झाले. आणि बाईंशी ते अहोजाहो बोलायला लागले होते. ताई, जरा मीठ देता का. ताई, तुम्ही दमलात, बसा. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, या वयात धूर छातीत गेला की डोक्यावर थोडा परिणाम होतो, माणूस चालता-बोलता आहे हे काय थोडं आहे? बाईंनाही ते पटलं. पटवून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी दोघं जेवत होते. पंख्याची दुरुस्ती चालू होती म्हणून हॉटेल बंद होतं. बाहेर लख्ख ऊन, शिवणवालीच्या मशीनचा आवाज, अगदी नेहमीची दुपार. त्यांनी सूप संपवलं, पावाने वाटी पुसली, आणि काहीतरी विचारायचं कितीतरी दिवसांपासून मनात असल्यासारखं खालच्या आवाजात विचारलं,

“ताई… तुमचे वडील आले का बाहेर?”

बाईंचा हात ताटातच राहिला. त्यांनी समोर पाहिलं. बाबांचंच नाक होतं, बाबांच्याच भुवया होत्या, हनुवटीवरचा खड्डासुद्धा बाबांचा होता. पण त्या चेहऱ्यावरची काळजी बाबांची नव्हती. बाबा असं कधी बघत नसत. बाबा रागावून बघायचे.

“नाही,” बाई म्हणाल्या. “अजून नाही.”

“मला वाटलंच.” त्यांनी मान खाली घातली. “मी हाक मारत होतो… पण तुम्ही कोट बघितलात.”

बाई हात न धुताच उठल्या. बंबखाना चालत दहा मिनिटांवर होता, त्या पाचात पोहोचल्या. आचारी दाराशी स्टुलावर बसून बटाटे सोलत होता. पंखेवाला काम संपवून नुकताच गेला होता. बाईंनी आचाऱ्याला सगळं सांगितलं, एका दमात, धाप टाकत. आचाऱ्याने मध्ये तोंड घातलं नाही आणि हसलाही नाही. हॉस्पिटलात बावीस वर्षं काढलेला माणूस, त्याला काही गोष्टी नव्या नसाव्यात. शेवटी त्याने एवढंच विचारलं की आता करायचं काय.

बाईंनी बारा नंबर फळ्यावर लावला.

“फळ्यावर माणूस असेल तर कुणीतरी आत जातं,” त्या म्हणाल्या. त्यांनी डब्यातून हाताला आला तो बिल्ला घेतला, वीस नंबर, आणि तो शेजारच्या खुंटीवर लावला. “हा माझा. तुम्ही इथून हलायचं नाही. मी बाहेर आले की माझी साडी बघू नका. तोंडही बघू नका. मला काहीतरी विचारा, जे फक्त मलाच ठाऊक असेल. उत्तर बरोबर आलं तरच बिल्ला काढा.”

“काय विचारू?”

“ते मला सांगू नका.”

आचाऱ्याने सुरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि तो फळ्यापाशी जाऊन उभा राहिला. बाईंना त्याचा आधार वाटला. त्यांनी पदर खोचला आणि जिना चढायला सुरुवात केली. बाबा तिथे कुठेतरी एकटे उभे असतील, आपल्यालाच उशीर झाला म्हणून चिडले असतील, या विचाराने त्या चढत राहिल्या.

वर दुपारचं ऊन पडलं होतं. टेबलांवर खुर्च्या पालथ्या घातलेल्या, भिंतीवर पंख्याभोवती काजळीचा मोठा डाग, ओल्या कोळशासारखा वास. बाईंनी हाक मारली, बाबा. मग आणखी एकदा. कोपऱ्यात, खुर्च्यांच्या पलीकडे, उन्हात न येणारी जरा जास्त सावली होती. त्या तिकडे गेल्या. तिथे थंड होतं.

मग त्या जिना उतरत होत्या. वर काहीच सापडलं नव्हतं. उगाच घाबरलो, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचंच हसू आलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं, पाय तर इतके हलके की पायऱ्या जाणवत नव्हत्या. बाबा घरी आहेत, बरे आहेत, दोनदा मागून जेवतात, आणखी काय हवं? खाली आचारी तसाच उभा होता, एक हात वीस नंबरच्या बिल्ल्याखाली धरून. त्याला बघून त्यांना बरं वाटलं. चांगला माणूस.

“वर कुणी नाही,” त्या म्हणाल्या. “काढा तो बिल्ला.”

“आधी विचारतो,” आचारी म्हणाला. “तुम्हीच सांगितलं होतंत.”

“विचारा ना.”

आचाऱ्याने बिल्ल्याखालचा हात हलवला नाही.

“उद्घाटनाच्या आदल्या दिवशी… भांड्यांच्या खोलीत तुम्ही रडत होता. तेव्हा मी तुम्हाला काय दिलं?”

हे तर सोपं होतं. त्यांना ती खोली दिसली, पातेल्यांची उतरंड दिसली, पदराने डोळे पुसताना आपण दिसलो, आणि आचाऱ्याने पुढे केलेला पेलाही.

“पाणी,” त्या लगेच म्हणाल्या.

आचाऱ्याने बिल्ल्याखालचा हात हळूच मागे घेतला. तो जिन्याकडे बघत होता, त्यांच्याकडे नाही.

“रडत मी होतो,” तो म्हणाला. “माझी आई गेली त्याला त्या दिवशी वर्ष झालं होतं. पाणी बाईंनी मला दिलं. मला जवळ घेतलं त्यांनी… धाकट्या भावाला घ्यावं तसं.”

त्यांनी ती खोली पुन्हा आठवून पाहिली, पण रडणारं तोंड दिसेना.

“तुम्ही इथे बसा,” आचारी म्हणाला. त्याने त्यांच्यासाठी बाबांची खुर्ची ओढून दिली. त्या मुकाट्याने बसल्या. फळ्यावर बारा आणि वीस शेजारी शेजारी लटकत होते. आचाऱ्याने एप्रन सोडून घडी करून स्टुलावर ठेवला आणि तो डब्यात हात घालून आपल्यासाठी बिल्ला शोधू लागला.